आपण जिंकलो, ती हरली

२ मार्च, सोमवार

नवी वही आज सुरू केली. जुनी संपली नव्हती, पण तिच्यात पराभव फार साठले होते.

आज ठकी हरली. पहिल्याच फेरीत, ६-३, ६-४. फेब्रुवारीत आपण लागोपाठ दोन सामने जिंकलो तेव्हा सगळं माझ्या आखणीप्रमाणे चाललं होतं. आज तिने आखणी धाब्यावर बसवली आणि फळ भोगलं.

ही वही पुढेमागे आत्मचरित्राला लागेल, म्हणून परिचय लिहून ठेवतो. ठकी ही माझी मुलगी. वय बावीस, टेनिसच्या जागतिक क्रमवारीत चारशे एकतिसावी. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण मी पाळण्यापासून ठकीच म्हणतो. मी तिचा बाप आणि प्रशिक्षक. मी स्वतः टेनिस कधी खेळलेलो नाही, आणि हा मुद्दा लोक उगाच उकरून काढतात. बाळंतपण करायला डॉक्टरला स्वतः बाळंत व्हावं लागत नाही.

माझा मूळ धंदा ड्रायव्हिंग स्कूलचा. सव्वीस वर्षांत चार हजारांवर लोकांना गाडी शिकवली, एकही अपघात नाही. याचं कारण माझी गाडी. तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो. शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपणच चालवतोय. वाटू द्यावं. तेरा वर्षांपूर्वी मी हीच पद्धत टेनिसमध्ये आणली.

सौ. आमच्या गावीच असते, तिथे एका दाताच्या डॉक्टरकडे स्वागतकक्षात काम करते. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगण्याच्या जागी बसून तिचंही उघडंच राहतं. दुपारी फोनवर म्हणाली, या महिनाअखेरपर्यंत ठकी एकदा तरी फायनलला पोचली नाही, तर तुम्ही घरी या, आपण तिला रीतसर कोच बघू. मी अट मान्य केली. ठकीला सोडून घरी बसायचं म्हणजे मी नेमकं काय करायचं, ते मला माहीत नाही.

३ मार्च, मंगळवार

काल लिहायचं राहिलं. अंपायरने मला ताकीद दिली.

त्याचं असं झालं. ठकीसाठी मी हाताच्या खुणा ठरवल्या आहेत. उजवा हात बाहेर सरळ म्हणजे उजवीकडे मार, हात गोल फिरवला म्हणजे डावीकडे, तळवा वरखाली हलवला म्हणजे वेग कमी कर. वाहतुकीचे साधे नियम. काल ती एकदाही माझ्याकडे बघेना, म्हणून नाइलाजाने तोंडाचा वापर करावा लागला. समोरची मुलगी सर्व्हिस करत असताना मी "ब्रेक, ब्रेक" असं हळूच म्हणालो. हळूच म्हणजे गाडीत म्हणतो तितपत. समोरच्या मुलीने तक्रार केली. अंपायरने माईकवरून विचारलं की हे गृहस्थ कोणाचे. सगळे ठकीकडे बघायला लागले.

ठकीने टॉवेल तोंडावर धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिला घाम फार येतो. वैद्यकीय तपासणी करून घ्यायला हवी.

६ मार्च, शुक्रवार

पुढच्या स्पर्धेच्या गावी निघालो. पाच तास गाडी मी चालवली. ठकी मागच्या सीटवर कानात इअरफोन घालून होती. मी तिला चाळीस मिनिटांच्या सूचना फोनवर रेकॉर्ड करून दिल्या आहेत, त्या ती न सांगता ऐकते याचं समाधान वाटतं. मान डोलावत होती. एकदा तर ओठ हलवून सूचना पाठ म्हणत होती आणि बोटांनी सीटवर ताल धरला होता. माझ्या बोलण्यात एक लय आहे, असं माझे जुने विद्यार्थीही म्हणायचे.

८ मार्च, रविवार

अपघात. ठकीला सर्व्हिसमध्ये हात किती उंच गेला पाहिजे ते लॉजच्या खोलीत छत्रीने करून दाखवत होतो. छत्री पंख्याला लागली नाही, पण कमरेत काहीतरी कट्टकन वाजलं. स्पर्धेच्या डॉक्टरने सपाट झोपायला सांगितलंय, निदान पाच दिवस. कोर्टवर जायचं नाही.

ठकीने उशी सरळ केली, औषधाच्या वेळा कागदावर लिहिल्या, पाण्याची बाटली हाताशी ठेवली. पोरीला फार काळजी. "बाबा, तुम्ही अजिबात उठायचं नाही हं," असं तीन वेळा बजावून गेली.

मी हार मानणारा नाही. रोज सकाळी सूचनांची चिठ्ठी लिहून तिच्या बॅगेत घालीन.

९ मार्च, सोमवार

आपण जिंकलो, ६-२, ६-२. चिठ्ठीत सव्वीस सूचना होत्या.

११ मार्च, बुधवार

आपण पुन्हा जिंकलो. समोरची मुलगी क्रमवारीत दीडशेच्या आतली होती. चिठ्ठीत एकतीस सूचना. लेखी स्वरूपात माझं म्हणणं जास्त परिणामकारक ठरतं, हे आधी लक्षात यायला हवं होतं.

ठकी सामन्यानंतर तीन तासांनी खोलीवर आली. म्हणाली, तारवालीकडे बसले होते. ही तारवाली म्हणजे प्रत्येक स्पर्धेत मांडवाच्या कोपऱ्यात मशीन मांडून रॅकेटना तार ओढून देणारी बाई. वय चाळिशीचं, कधीकाळी स्वतः खेळायची, मग गुडघा गेला. माझ्यापेक्षा फार तर चौदा वर्षांनी लहान, पण मला काका म्हणते. ठकी हल्ली तिच्याकडे फार वेळ असते. तार ओढायला शिकत असावी. वाईट नाही, हाताला एखादी कला असावी.

१३ मार्च, शुक्रवार

आपण सेमीफायनलला. कमर बरी आहे. उद्या पट्टा बांधून जातो. ठकी म्हणाली, कशाला बाबा, डॉक्टर पाच दिवस म्हणालेत. मी म्हटलं, आज सहावा.

१४ मार्च, शनिवार

ठकी हरली. पहिला सेट ६-१ जिंकून, दुसऱ्यात ३-१ पुढे असताना मी पोचलो. पट्ट्यामुळे चालायला वेळ लागला होता. मी बसल्यावर तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर तिची सर्व्हिस जी बिनसली ती बिनसलीच. पुढचे दोन्ही सेट गेले. मी वेळेवर पोचलो असतो तर ती पहिल्या सेटपासून सावध राहिली असती.

नंतर तिची रॅकेट आणायला तारवालीकडे गेलो. मशीन डुगडुगू नये म्हणून तिच्या एका पायाखाली कागदाची जाड घडी होती. अक्षर ओळखीचं वाटलं. वाकता येत नाही तरी वाकून बघितलं. सोमवार आणि बुधवारच्या चिठ्ठ्या होत्या, वरची घडी जशी मी घातली होती तशीच.

तारवाली म्हणाली, "काका, यांच्यामुळे मशीन अगदी पक्कं बसलं." मी म्हटलं, कागद चांगल्या प्रतीचा आहे. ठकीने वाचून पाठ केल्यावरच दिल्या असणार. घडी पुन्हा आहे तशी घालायची सवय तिला मीच लावली, नकाशांच्या बाबतीत.

१६ मार्च, सोमवार

तिसरं गाव. महिनाअखेरपर्यंतची ही शेवटची स्पर्धा, म्हणजे फायनल गाठायची तर इथेच. सकाळी नाश्त्याला ठकी नेहमीपेक्षा ताठ बसली होती. म्हणाली, "बाबा, आम्ही ठरवलंय, सर्व्हिसला चेंडू जरा पुढे टाकायचा. आणि दुसरी सर्व्हिस भीत भीत मारायची नाही."

निर्णय चांगला होता, मी तो घेणारच होतो. पण व्याकरण ऐकून मी चमचा खाली ठेवला. भाषा बिघडलेली मला खपत नाही.

"आम्ही नव्हे, आपण," मी म्हणालो. "आम्ही म्हणजे समोर ऐकणारा सोडून बाकीचे. समोरच्यालाही धरायचं असेल तर आपण म्हणायचं."

"माहितीये बाबा," ती म्हणाली. "पाचवीत तुम्हीच शिकवलंत."

मग केळं खाल्लं आणि उठून गेली. पाचवीतलं तिच्या लक्षात आहे याचं बरं वाटलं. तरीही चुकली याचं नवल वाटलं. प्रवासाचा ताण असेल.

दुपारी आपण पहिली फेरी जिंकलो. मी समोर होतो तरी जिंकलो, हे सौ.ला कळवायला हवं. खरं म्हणजे मधे एक मोठा खांब होता.

१७ मार्च, मंगळवार

सौ.ला फोन केला. खांबाचं सांगितलं नाही. बोलता बोलता गंमत म्हणून ठकीच्या आम्ही-आपणचं सांगितलं. वाटलं, हसेल. पण मला वाटलं फोन कट झाला. मग तिकडून कोणाच्या तरी दाढेचं मशीन ऐकू आलं, म्हणजे फोन चालू होता.

"अहो," ती म्हणाली, "व्याकरण बरोबर आहे तिचं."

मी म्हटलं, कसं बरोबर. ती म्हणाली, पेशंट आहेत, नंतर बोलते.

मी खोलीत बसून नियम पुन्हा म्हणून पाहिला. आम्ही म्हणजे ऐकणारा सोडून. ऐकणारा मी होतो. मी सोडून ठकीने कोणाबरोबर तरी ठरवलंय, आणि ते तिने मला चोख भाषेत, माझ्याच नियमाने सांगितलं, आणि मी तिला व्याकरण शिकवलं.

मला फार वाईट वाटलं. राग यायला हवा होता, तो आलाच नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं.

१८ मार्च, बुधवार

राग आज आला. ठकी तासन्‌तास कोणाकडे बसते ते आठवलं आणि सरळ तारवालीच्या टेबलाशी गेलो. ती रॅकेट मशीनमध्ये अडकवून तार ओढत होती. मी विचारलं, कधीपासून चाललंय हे. ती म्हणाली, "फेब्रुवारीपासून."

फेब्रुवारीत आपण दोन सामने लागोपाठ जिंकलो होतो. जुळून येतात एकेक गोष्टी.

मी म्हटलं, मला विचारायची कोणाला गरज वाटली नाही. तिने तार सोडली नाही, मान वर केली नाही. म्हणाली, विचारायचं तिने होतं, मी नाही. ती घाबरते. मी विचारलं, कोणाला. तारवालीने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि परत तारेकडे वळली.

थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "काका, तिचे पाय फार चांगले तयार केलेत तुम्ही. इतकं पळणारी मुलगी इथे दुसरी नाही. पण हात आवळून खेळते. कायम कोणीतरी ओरडणार आहे असं खेळते."

मी म्हटलं, मी ओरडत नाही, सूचना देतो. ती म्हणाली, हो.

ठकी दुपारी जिंकली. मी गेलो नाही. मी असहकार पुकारला आहे, कोणाच्या लक्षात आला की नाही ते कळत नाही.

१९ मार्च, गुरुवार

असहकार चालू. ठकीचा सामना असताना बाहेर गाड्या लावायच्या जागेत बसलो. लोकांना गाडी मागे घेता येत नाही, ही जगभरची शोकांतिका आहे. तीन जणांना गाड्या नीट लावून दिल्या. चौथ्या बाईने काच वर घेतली. म्हणाली, मला येतं. मी तरी तिच्या मागे जाऊन हात हलवले. तिने एका फटक्यात गाडी रेघांच्या मधोमध लावली, उतरली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

आतून टाळ्या ऐकू येत होत्या. कोणासाठी ते भिंतीबाहेरून समजत नाही. मी प्रत्येक टाळीला मनात गुण ठकीला देत गेलो. त्या हिशोबाने ती ६-०, ६-० जिंकली. प्रत्यक्षात ७-६, ६-४.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी ठकी दाराशी उभी राहिली. आत येईना. हातात स्पर्धेच्या कार्यालयातून आणलेला फॉर्म होता. प्रत्येक खेळाडूला एकच प्रशिक्षक लिहिता येतो, आणि त्या रकान्यात तेरा वर्षं माझं नाव आहे. कधी कधी ते मी स्वतःच भरतो, अक्षर चांगलं म्हणून.

रकान्यात तारवालीचं नाव होतं. ठकीचं अक्षर. खाली सही.

"आईला सांगितलंय मी," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायला आठ महिने लागले."

मी विचारलं, आठ महिने कसे, तारवाली तर फेब्रुवारी म्हणाली. ठकी म्हणाली, तारवाली फेब्रुवारीत भेटली. सांगायचं आधीपासून होतं.

बोलायला बरंच होतं. पहाटे पाचला उठवून नऊ वर्षांच्या पोरीला दोरीच्या उड्या कोणी शिकवल्या, हे मी तेव्हाच मोठ्याने म्हणणार होतो. पण ती रडत होती. टॉवेल नव्हता, त्यामुळे दिसलं. मग मी एवढंच म्हटलं की फॉर्मवर तारीख लिहायची राहिली आहे. तिने तिथेच दाराला कागद टेकवून तारीख लिहिली.

दुपारी कार्यालयात माझा जुना पास परत द्यावा लागला. तिथल्या मुलीने नवा छापून दिला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, पाहुणा. गळ्यात घातला. पाहुण्याचा दोरही प्रशिक्षकापेक्षा आखूड असतो.

ठकीने निरोप पाठवला, उद्या या, फक्त बसा. नुसतं बसण्याचं काम मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. ते कसं करतात, कोणाला विचारायचं.

२१ मार्च, शनिवार

फायनल. सेमीफायनल जिंकून ठकी फायनलला पोचली.

मी गेलो नाही, धीर झाला नाही. खोलीत फोनवर गुण बघितले. आकडा बदलायला दरवेळी चार सेकंद लागतात, आणि चार सेकंद किती मोठे असतात ते आज कळलं.

लगेच सौ.ला फोन केला. म्हटलं, महिनाअखेरच्या आत फायनल, अट पूर्ण झाली. सौ. इतकी हसली की मागे कोणीतरी काय झालं विचारलं. मग हसू थांबवून म्हणाली, "अट तिने पूर्ण केली. त्यात तुमचा वाटा किती ते तुम्हीच बघा." आणि मग अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, "उद्या जाणार ना?"

मी म्हटलं, पाहुण्याला आमंत्रण आहे, जावं लागेल.

२२ मार्च, रविवार

पाहुण्यांच्या खुर्च्या कोर्टाच्या दुसऱ्या बाजूला असतात. आजवर मी नेहमी ठकीच्या मागे बसलो, तिने बाजू बदलली की मीही बदलायचो. तिथून पाय, खांदा, हाताची उंची सगळं चोख दिसतं. आज जागचा हललो नाही, त्यामुळे निम्मा वेळ ती समोरून दिसत होती. तारवाली पलीकडे, प्रशिक्षकाच्या जागेवर, हाताची घडी घालून बसली होती. तिने दोन तासांत एकही खूण केली नाही. नवशिकी आहे.

दोन गोष्टी नोंदवतो. समोरची मुलगी सर्व्हिस करणार असते तेव्हा ठकी जिभेचं टोक बाहेर काढते. लहानपणी चित्रात रंग भरताना काढायची तसं. मला वाटलं होतं ती सवय गेली. आणि दुसरं म्हणजे ती हसते. दुसऱ्या सेटमध्ये समोरच्या मुलीने नेटजवळ असा काही नाजूक चेंडू टाकला की ठकी जिवाच्या आकांताने धावली, पोचली नाही, जाळ्याला धरून उभी राहिली आणि हसायला लागली. गुण गमावून हसली. समोरची मुलगीही हसली.

तेरा वर्षं मी या पोरीचा जवळपास प्रत्येक सामना पाहिला आणि ती खेळताना हसते हे मला माहीत नव्हतं. कदाचित आधी हसत नसेल.

शेजारच्या बाईंनी मधेच माझा हात हळूच त्यांच्या खुर्चीवरून काढला. मी त्यांच्या खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसलो होतो. मी माफी मागितली.

६-४, ३-६, ७-५. तिसऱ्या सेटमध्ये ५-५ नंतर गेली मॅच. दुसरी सर्व्हिस शेवटपर्यंत भीत भीत मारली नाही. त्यातल्या दोन जाळ्यात गेल्या आणि तिथेच सगळं आटोपलं. सगळेजण उभे राहून टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. आम्ही हरलो की आपण हरलो, कसं लिहावं ते ठरवता येत नाही, म्हणून आकडेच लिहिले.

लोक पांगल्यावर ती आली. केस ओले, गुडघ्याला माती. माझ्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसली आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली. मग नाडीकडे बघतच म्हणाली,

"बाबा, सांगा. काय चुकलं?"

तेरा वर्षांत तिने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. विचारायची वेळच आली नव्हती, मी त्याआधीच सांगायचो. आज विचारला, आणि मी तोंड उघडलं, आणि मला एकही चूक आठवेना. वही खिशात होती, तिचं आजचं पान कोरं होतं. पेनाचं टोपणसुद्धा काढलेलं नव्हतं.

ती वाट बघत होती. मी खरं ते सांगितलं.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो. "मी तुला बघत होतो."